हवापाण्याचं पान

जमालुद्दीन फणसोपकरला कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तरी तो आधी आभाळाकडे बघायचा आणि मगच तोंड उघडायचा. "बरं आहे, पण वारा फिरलाय," असं काहीतरी उत्तर यायचं. विचारणाऱ्याला वाऱ्याशी काही देणंघेणं नसायचं, पण जमालला त्याची फिकीर नव्हती. सौदीला येण्याआधी तो रत्नागिरीच्या बंदरात खलाशी होता. वादळाची तार आली की खांबावर बावटा चढवायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ हवेचा दाब, वाऱ्याची दिशा नि पाऊस वहीत टिपायचा, हे त्याचं काम. नऊ वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काय बोलता येणार? बंदरावरची नोकरी सुटली, वही काही सुटली नाही.

१९८४ साली तो तबूकला उतरला तेव्हा सामानात एक कोरी वही आणि एक थर्मामीटर होता. टेलिफोनचे मनोरे सांभाळणाऱ्या एका ठेकेदार कंपनीनं त्याला कामावर घेतलं आणि सगळ्यांत उंच मनोऱ्यावर नेऊन सोडलं, कारण तिथं दुसरं कुणी टिकत नव्हतं. तबूकच्या पश्चिमेला लौझचा डोंगर आहे. अरबीत लौझ म्हणजे बदाम, पण बदामाबिदामाच्या भरवशावर जाऊ नये. वर उघडा खडक, दोन खोल्यांची पत्र्याची केबिन, दोन जनरेटर आणि मनोरा. पायाखाली समुद्र नि नाकात मासळीचा वास घेऊन वाढलेल्या माणसाला अडीच हजार मीटरवर टांगून ठेवलं होतं. जोडीला अली नावाचा येमेनी होता. एकजण रजेवर गेला की दुसऱ्यानं मनोरा सांभाळायचा, अशी पाळी ठरलेली होती.

उन्हाळा तिथं झकास जायचा. खाली तबूक भाजून निघत असताना जमाल संध्याकाळी चादर घ्यायचा. हिवाळा मात्र सगळं व्याजासकट वसूल करायचा. पारा शून्याखाली जायचा, पाण्याची टाकी थिजायची, डिझेल गोठून पाइपात अडकायचं. आणि एखाद्या वर्षी बर्फ पडायचं. पहिलं बर्फ बघितलं तेव्हा जमाल वही घेऊन तासभर दारातच उभा राहिला. मग त्यानं घरी पत्र लिहिलं की इथं आभाळातून किसलेलं खोबरं पडतंय आणि पडताना जराही आवाज होत नाही.

गावात कुणाचा विश्वास बसला नाही. सौदीत बर्फ! थोरले भाऊ नूरुद्दीन तर ओटीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "जमाल्या थापा मारायला शिकला." विश्वास ठेवला तो एकट्या सफूरानं, म्हणजे त्याच्या बायकोनं. तिनं उलट टपाली विचारलं, आवाज होत नाही तर बर्फ पडतंय हे आत झोपलेल्या माणसाला कळतं कसं? जमालला तो प्रश्न इतका आवडला की त्यानं उत्तरादाखल चार पानं लिहिली. सगळं एकदम शांत झालं की समजायचं, असं त्या चार पानांचं सार होतं.

आता या पत्रांचं थोडं सांगायला हवं. जमालच्या घरी पत्र आलं की ते एकट्याचं नसायचं. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर नूरुद्दीन ओटीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे. आई, भावजया, पोरंटोरं, शेजारचे दोघेतिघे असा सगळा दरबार भरायचा. अशा पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? "सफूरास सलाम, पोरांकडे लक्ष दे." संपलं. पण जमाल पहिलं पान नेहमी हवापाण्याचं लिहायचा, आणि नूरुद्दीनना हवापाण्याचा मनस्वी कंटाळा होता. दोनचार पत्रं त्यांनी नेटानं वाचली. मग एकदा वैतागून म्हणाले, "हे वारं-पाणी आपल्याला काय करायचंय? घे गो, हे तू ठेव," आणि पहिलं पान सफूराकडे देऊन दुसऱ्या पानापासून वाचायला लागले. तेव्हापासून रिवाजच पडला. दुसरं-तिसरं पान घराचं, पहिलं पान सफूराचं.

जमालला हे तिनं कळवलं आणि त्या दिवसापासून तो पहिल्या पानाला जीव लावून बसला. त्या पानात प्रेमाचा एक शब्द नसायचा, तसलं लिहायची त्याला सवयही नव्हती आणि धीरही नव्हता. पण पहाटे सहाला धुकं कुठवर होतं, वारा कुठल्या फटीतून आत आला, ऊन भिंतीवर किती वाजता पोचलं, सगळं तपशीलवार असायचं. सफूरा तिकडून लिहायची. मतलई वारा या वर्षी लवकर सुटला, खाडीवर सकाळचं दव जड आहे, आंब्याच्या मोहोराला धुकं बाधलं. दोघांच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, त्यातली गेली सहा रजेचे दिवस सोडले तर वेगळीच गेली होती. ती एकमेकांची हवा वाचून जगत होती.

डोंगरावर जमालला ऐकणारा आणखी एक माणूस होता. रोज सकाळी सातला सर्व्हिस लाईनवर यान्बूच्या एक्स्चेंजमधून चाचणीचा फोन यायचा. पलीकडे मोहन निकम, मूळचा साताऱ्याकडचा. दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. "लाईन ठीक?" "ठीक." एवढ्यात काम संपायचं, पण मराठी माणूस मराठी माणसाला असा सोडतो थोडाच. "मोहनराव, वजा तीन. तुमच्याकडं?" "अठरा, आणि दमट. शर्ट चिकटतोय." सहा वर्षं हे चाललं होतं. मोहनची बायको रेखा म्हणायची की आमच्याकडे नाश्त्याला आधी लौझचं तापमान वाढतात, मग पोहे.

१९८८ च्या मार्चमध्ये जमाल रजा संपवून परत आला तेव्हा सफूरा खाडीच्या धक्क्यापर्यंत आली होती. पुढची रजा नव्वदच्या ऑक्टोबरात ठरली. त्यानं ऑगस्टपासून दिवस मोजायला घेतले आणि नेमकं ऑगस्टातच इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. सौदी आणि येमेनच्या सरकारांचं आपसात बिनसलं आणि त्याचा फटका अलीला बसला. येमेनी माणसांना आजवर कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी मालक, लागत नसे, आता लागणार असा नवा कायदा आला. लाखो येमेनी सामान गाड्यांवर बांधून परत निघाले. अलीही निघाला. जाताना जमालच्या गळ्यात पडून रडला आणि आपली लोकरीची जाड टोपी त्याला देऊन गेला. त्याच्यासाठी जमालला खरंच वाईट वाटलं. पण घाटाच्या वळणावर त्याची गाडी दिसेनाशी झाली तेव्हा जमालला स्वतःचीच जास्त चिंता लागली. आता मनोऱ्यावर तो एकटा उरला होता आणि बदली माणूस आल्याशिवाय कंपनी त्याला सोडणार नव्हती.

"दुसरा आदमी आया तो तुरंत छुट्टी, खलास," असं इस्मतनं सांगितलं. इस्मत तबूकच्या ऑफिसातला कारकून, हैदराबादचा. पंधरा दिवसांनी गाडी घेऊन वर यायचा, डिझेल नि शिधा उतरवायचा आणि जमालची पत्रं टपालात टाकायला घेऊन जायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं जे केलं ते मदत म्हणूनच केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं की नोव्हेंबरात त्यांच्या ऑफिसात कागद लागला. बाहेर जाणाऱ्या पत्रांत फौजेची हालचाल, रस्ते आणि हवामान लिहायचं नाही. विमानांना हवामान लागतं म्हणून बंदी. जमाल वर, कागद खाली. इस्मतनं विचार केला, याला हे सांगावं तर हा तासभर वाद घालील. न सांगता पत्र टाकावं तर अख्खं पत्र अडकायचं. म्हणून त्यानं सोपा उपाय शोधला. पाकीट उघडायचं, पहिलं पान काढून खणात ठेवायचं, पाकीट परत चिकटवायचं. बाकीचं पत्र बिनबोभाट भारतात पोचायचं. अशी तीन पत्रं त्यानं पोचवली आणि स्वतःवर खूशही झाला.

सतरा जानेवारीला लढाई सुरू झाली. त्या दिवशी सकाळी सातला मोहनचा फोन आला तो घाईचा. "जमालभाई, ऑर्डर आहे. आजपासून लाईनवर हवामान अजिबात नाही. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. फक्त ओके म्हणायचं." जमाल "ओके" म्हणाला आणि फोन ठेवून थर्मामीटरकडे बघत बसला. वजा चार होतं. आता ते कुणाला सांगायचं?

त्या रात्रीपासून दूरवर विमानं घोंघावत होती, ती ढगांमुळे दिसत नव्हती. आणि मग महिना संपता संपता त्याच्या सहा वर्षांतला सगळ्यांत वाईट हिवाळा डोंगरावर चढून बसला. तीन दिवस बर्फ पडत होतं. केबिनचं दार आतून ढकललं तर हलेना, खिडकीतून उडी मारून फावड्यानं दार मोकळं करावं लागलं. मनोऱ्याच्या तारांवर मनगटाएवढं बर्फ धरलं. ते पाडलं नाही तर तारा तुटणार आणि लाईन बंद, म्हणून तो कमरेला दोर बांधून वर चढायचा आणि लाकडी हातोड्यानं ठोकायचा. वारा असा की श्वास तोंडाबाहेर येण्याआधी हिरावून न्यायचा. डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली ती आठ दिवस ठणकत राहिली. गाडीचा रस्ता बंद, इस्मत येऊ शकत नव्हता, डाळ नि खजूर एवढंच उरलं होतं. त्यानं वहीत सगळं नीट टिपलं. त्याच्या उभ्या आयुष्यात सांगण्याजोगी इतकी हवा कधी पडली नव्हती, आणि सांगायला कुणी नव्हतं. हातोडा मारताना तो मनातल्या मनात सफूराला पान लिहायचा. ओळी जुळवायचा, खोडायचा, परत लिहायचा. माणसाची आठवण येते म्हणजे काय, तर त्याला सांगायच्या गोष्टी छातीत साचत जातात, आणि जमालच्या छातीत त्या जानेवारीत बर्फाइतक्याच साचल्या होत्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी "ओके" म्हणून झाल्यावर मोहननं फोन ठेवला नाही.

"जमालभाई, काल वहिनींचा फोन आला होता. आमच्या घरी. रेखानं घेतला."

जमालनं अडीअडचणीसाठी मोहनचा नंबर घरी देऊन ठेवला होता. त्यानं घाईनं विचारलं, "आई...?"

"घरी सगळे ठीक आहेत. त्यांनी रेखाला एकच विचारलं, आमचे हे जिवंत आहेत का?"

"म्हणजे? पत्रं जातायत की माझी!"

"पत्रं जातायत, पण पहिलं पान जात नाही म्हणे. तीन पत्रं बिनपानाची आली. वहिनींचं म्हणणं, ती पत्रं तुमची नाहीतच."

मग मोहननं रेखाकडून कळलेलं सगळं सांगितलं. सफूराच्या माहेराजवळच्या एका गावात तसं झालं होतं. मुलगा आखातात गेला आणि तिथंच वारला, पण खोलीतल्या मित्रांनी म्हातारीला धक्का नको म्हणून चार महिने त्याच्या नावानं पत्रं लिहिली. अक्षरसुद्धा गिरवलं. सफूराला ते माहीत होतं. पहिलं पत्र बिनपानाचं आलं तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्याला जेवण तुटलं. तिसरं आलं तेव्हा तिनं ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं की हे लिहिणारा माणूस आमचे हे नव्हेत. नूरुद्दीन हसले, मग रागावले, मग स्वतःच घाबरले आणि तिला घेऊन रत्नागिरीला फोनच्या बूथवर आले.

"रेखानं सांगितलं, मोहन रोज त्यांच्याशी बोलतात. तर वहिनी म्हणाल्या, तुम्ही चांगली माणसं आहात, चांगली माणसंच असं खोटं बोलतात."

जमालनं त्याच फोनवरून तबूकचं ऑफिस मागितलं आणि इस्मतला गाठलं. पानाचं विचारताच इस्मतनं सगळं कबूल केलं. "भाईसाहब, आपका खत पहुँचाया, ये क्या कम है? पन्ने सब सँभालके रखे हैं, एक भी नहीं फेंका!"  जमालला शिव्या सुचत होत्या, पण त्या माणसाच्या आवाजात इतका निरागस अभिमान होता की त्याही गिळाव्या लागल्या.

मोहननं नंतर जे केलं ते त्याच्यासारख्या भित्र्या माणसानं कसं केलं, याचं रेखाला पुढं कित्येक वर्षं नवल वाटत राहिलं. सर्व्हिस लाईनवर बाहेरचा फोन जोडणं म्हणजे इकामा, सौदीत राहण्याचा परवानाच, गमावण्याचं काम, तेही लढाईच्या दिवसांत. सफूरानं रेखाला बूथचा नंबर देऊन ठेवला होता, तिथं निरोप ठेवून त्यानं तिला दुसऱ्या दिवशी दीड वाजता बूथवर यायला सांगितलं आणि एक्स्चेंजमधल्या आपल्या टेबलाचा नंबर दिला. सौदीत तेव्हा सकाळचे अकरा वाजणार होते. साहेब त्या वेळी चहाला जायचा.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना जमालनं दाढी केली. कुणाला दिसणार होती? पण केली. बाहेर परत बर्फ सुरू झालं होतं. फोन वाजला.

"जमालभाई, तीन मिनिटं. काहीही बोला, फक्त हवेचं नको. माझ्या पोरीची शपथ आहे." मग खरखर झाली, टक्‌ आवाज झाला, आणि खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा सफूराचा आवाज आला.

"हॅलो?"

तो आवाज जमाल तीन वर्षांनी ऐकत होता. "मी. मी बोलतोय."

"तुमीच ना?"

"मीच गो."

"माजा पान का नाय येत?"

 पान कुणी काढलं, का काढलं, हे सांगायचं तर जी गोष्ट बोलायची नाही तीच बोलावी लागणार होती. "वाटेत राहतंय. आत्ता सांगता येत नाय. मी सुखरूप आहे, काळजी करू नकोस."

"पत्रात पन हाच असता," सफूरा म्हणाली. तिच्या आवाजातला धीर ओसरत चाललेला त्याला स्पष्ट ऐकू आला.

तीन मिनिटांतलं एक गेलं असावं. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि त्याच्याकडे सांगायला त्याखेरीज काही नव्हतं. सतरा वर्षांत दुसरं काही बोलायला तो शिकलाच नव्हता. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं जुळवलेलं नव्हतं.

"सफूरा, मला तुझी फार आठवण येते. एक दिवस असा जात नाय. तू धक्क्यावर उभी होतीस ना, ती मला रोज दिसतेस. मला घरी यायचंय. तुझ्याजवळ नुसतं बसायचंय. तुझ्याबिगर मी इथं कसा दिवस काढतो ते माझं मला ठाऊक."

 लाईनवर मोहनचा श्वास ऐकू आला.

"कोन बोलताय?" सफूरानं विचारलं. आवाज एकदम परका झाला होता. "खरा सांगा. आमचे हे असा कदी बोलत नाय. ते गेले असतील तर तसा सांगा, मी ऐकून घेन. पन दुसऱ्याकडून असा बोलवू नका, अल्लाच्या वास्ते."

जमालनं डोळे मिटून घेतले. मोहनची नोकरी, पोरीची शपथ, ऐकणारे कोण असतील ते, सगळं त्याला दिसत होतं. तरी तो बोलला.

"सफूरा, ऐक. सकाळी सहाला वजा नऊ. वारा वायव्येचा, रात्रभर, शिटी घालत होता. बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलंय. काठी लावून बघितलं, दोन हात नि वर चार बोटं. मनोऱ्याच्या तारांवर माझ्या मनगटाएवढं धरलंय, हातोड्यानं पाडतो. टाकीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं. काल दुपारी पाऊण तास ऊन आलं, तेही पिवळं नाही, दुधासारखं. आता परत पडतंय. आवाज नाय. सगळं एकदम शांत आहे."

"जमालभाई..." मोहन एकदाच म्हणाला. लाईन त्यानं तोडली नाही.

पलीकडून रडणं ऐकू आलं. मोकळं, मोठ्यानं, बूथमधल्या बाईनं रडू नये तसं. मग नाक ओढल्याचा आवाज.

"कडीपर्यंत?"

"कडीपर्यंत."

"पायात काय आहे?"

"दोन-दोन मोजे. वर बूट."

"हां," सफूरा म्हणाली. मग म्हणाली, "आता मगाशी काय बोललात, ता परत बोला."

जमालचे कान तापले. "इथं मोहनराव ऐकतायत गो."

"हतं पन मोठे भावजी हुभे आहेत. बोला."

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. जमालनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, सगळं परत सांगितलं.